भिंती नंतर, आधी वजनकाटा

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्या अंगणवाडीची आयएसओ मानांकनासाठी तपासणी आहे. वर्गणी जमलीय. सरपंच म्हणतात, आधी भिंती रंगवू. मी तयारी कुठून सुरू करू?
– एक सेविका, तासगाव तालुका

उत्तर : ताई, रंगाचं सरपंचांवर सोडा. भिंतीवरचा हत्ती सगळ्यांकडेच असतो. मी पर्यवेक्षिका होते तेव्हा दारातून आत गेले की आधी वजनकाटा बघायची. रिकामा काटा शून्यावर येतो का? पाच किलोची सीलबंद आट्याची पिशवी टांगा, पाचच दाखवतोय का बघा. काटाच खोटा असेल तर वाढीचे सगळे आलेख वाया. दंडघेराची पट्टीही हाताशी ठेवा. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला, तर तो तीव्र कुपोषित. त्या मुलासाठी पुढं काय केलंत, हे वहीत दिसलं पाहिजे.

दुसरं, हजेरी. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी लागली की आया सकाळीच मळ्यात, पोरंही सोबत. वहीत 22 आणि ताटं 14, असं मी किती ठिकाणी पाहिलंय! 14 असतील तर 14च लिहा. कारण बाजूला नोंदवा.

आणि खेळणी कपाटातून काढा हो! प्लास्टिकसकट जपून ठेवलेली नकोत. मुलांच्या हाताला येतील अशी खालच्या फळीवर मांडा, अगदी आजपासून. तपासणीच्या दिवशीच काढलीत तर पोरं अशी तुटून पडतात, की पाहुण्यांना न सांगता कळतं.

मदतनीस ताईंनाही सगळं समजावून ठेवा. प्रश्न त्यांनाही विचारतात.