ओरेगनने ड्रग्जना दिलेली सूट मागे घेतली, म्हणजे विरोधक बरोबर होते का?

अर्धेच बरोबर होते: सूट फसली हे खरं, पण त्यावरून ड्रग्ज कायदेशीर करणंच चूक आहे असं सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या या राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी 'मेझर 110' हा कायदा मंजूर केला. फेब्रुवारी 2021 पासून खिशात 1 ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन किंवा 2 ग्रॅमपेक्षा कमी मेथ (मेथअँफेटामिन हे उत्तेजक ड्रग) सापडलं, तर अटकेऐवजी 100 डॉलर दंडाची पावती. व्यसनावर मदत करणाऱ्या हेल्पलाइनला फोन करून आरोग्याची तपासणी करून घेतली की तीही माफ. गोम इथेच होती. पावती भरली नाही तरी पुढे काहीच होत नसे, त्यामुळे फोन केला फारच थोड्यांनी, आणि उपचारांसाठीचा बहुतेक पैसा केंद्रांपर्यंत पोचायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर तिथल्या पोर्टलंड शहराच्या फुटपाथांवर लोक भरदिवसा फॉइलवर फेंटानिल (हेरॉइनपेक्षा कितीतरी तीव्र ड्रग) ओढताना दिसू लागले. मत फिरायला तेवढं पुरलं. धाक काढण्याआधी उपचाराची सोय उभी हवी, हा विरोधकांचा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. 1 सप्टेंबर 2024 पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं, 180 दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र विक्री तिथे मधल्या काळातही बेकायदाच होती, आणि फेंटानिल नेमकं त्याच वर्षांत राज्यात पसरलं. ते हिशेबात धरल्यावर ओव्हरडोसचे मृत्यू या कायद्यामुळे वाढल्याचं निदान काही अभ्यासांत तरी दिसलेलं नाही.