ब्लॉकर एकच ठेवा, पण कोणाचा ते बघून ठेवा

प्रश्न: मालवणला आमचा छोटा होमस्टे आहे, बुकिंगचं सगळं लॅपटॉपवर क्रोममध्येच चालतं. जाहिराती अडवणारा ब्लॉकर, यूब्लॉक ओरिजिन, टाकलेलं होतं, मस्त चालत होतं, मग एक दिवस आपोआपच बंद झालं. व्हायरस आलाय का?

नाही हो ताई, व्हायरस-बियरस काही नाही. क्रोमनेच एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचे, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात त्याला. आधी पान उघडताना बाहेर जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट (फोटो, जाहिरात वगैरे मागवणारी मागणी) ब्लॉकर स्वतः बघायचा आणि ही जाऊ दे, ही अडव असं तिथल्या तिथे ठरवायचा. आता नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हातात द्यायची आणि अडवायचं की नाही ते ब्राउझर बघणार. जुनं यूब्लॉक ओरिजिन यात बसत नाही, म्हणून 2025 मध्ये ते क्रोममधून गेलंच. क्रोम सोडायचं नसेल तर ते बनवणाऱ्या रेमंड हिल यांचंच यूब्लॉक ओरिजिन लाइट टाका, जाहिराती बऱ्यापैकी जातात, फक्त स्वतःचे नियम लावायची मोकळीक कमी. मला विचाराल तर फायरफॉक्स घ्या, तिथे पूर्ण यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं. बुकमार्क आणि पासवर्ड क्रोममधून इम्पोर्ट होतात, चहा होईस्तोवर काम उरकतं.

प्रश्न: देवगडात आमची कलमं आहेत, आंब्याच्या सीझनला ऑर्डरी, बाजारभाव सगळं फोनवरच. वाडीत रेंज यथातथा, रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो आणि निम्मा तर जाहिरातीच खातात असं वाटतं. फोनमध्ये ब्लॉकर टाकता येतो का?

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. फायरफॉक्स टाका, मेनूतल्या एक्स्टेन्शन्समध्ये जा, यूब्लॉक ओरिजिन घ्या. आता तुमच्या कामाची गोष्ट, जी फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक केबीपेक्षा मोठी मीडिया फाइल अडवायचा पर्याय आहे, आकडा 50 दिलेला असतो, तो आपल्याला हवा तसा बदलता येतो. हे चालू केलं की मोठे फोटो आणि व्हिडिओ आपणहून लोड होत नाहीत, जो बघायचाय त्यावर टॅप करायचं. भाव बघायला गेलात आणि शेजारी कोणाचा तरी व्हिडिओ आपसूक सुरू झाला, हे प्रकार बंद. तिथेच बाहेरून येणारे फॉन्ट अडवायचाही पर्याय आहे, तोही लावा, पान जरा साधं दिसेल पण वाचता येईल. काय अडवायचं ते ठरवणाऱ्या फिल्टरच्या यादीत प्रदेशांच्या भागात इंडियनलिस्ट आहे, तिला टिक करा, ती आपल्याकडच्या भाषांतल्या साइटींसाठी आहे.

बाकी अ‍ॅपमधल्या जाहिरातींना ब्राउझरचा ब्लॉकर हात लावू शकत नाही. त्यासाठी अँड्रॉइड 9 पासून पुढच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) असतं, तिथे अ‍ॅडगार्डसारख्या जाहिराती अडवणाऱ्यांनी दिलेलं सर्व्हरचं नाव टाकायचं. मात्र यूट्यूब अ‍ॅपच्या जाहिराती याने जात नाहीत, व्हिडिओ जिथून येतो तिथूनच जाहिरातही येते, मग डीएनएस अडवणार कोणाला?

प्रश्न: मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. अ‍ॅडब्लॉक प्लस, घोस्टरी, प्रायव्हसी बॅजर, यूब्लॉक आणि अजून एक असे पाच ब्लॉकर टाकलेत. तरी पानं अडकतात. सहावा कोणता टाकू?

सहावा? अरे, आधी चार काढ! एकाने अडवलेलं दुसरा परत तपासतो, एखादी साइट मोडली तर कोणामुळे मोडली तेही कळत नाही. यूब्लॉक ओरिजिनमध्ये ट्रॅकर, म्हणजे आपण कुठे काय बघतो त्यावर पाळत ठेवणारा कोड, अडवणारी यादी आधीपासूनच चालू असते. प्रायव्हसी बॅजर चांगल्या लोकांचं आहे, ईएफएफ या इंटरनेटवरच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचं, पण सोबत हवंच असं नाही. अ‍ॅडब्लॉक प्लस काही 'चालण्यासारख्या' जाहिराती स्वतःच सोडतं, त्यातल्या मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. सेटिंगमधून ते बंद करता येतं, पण मुळात ठेवायचं कशाला.

आणि नाव नीट वाच. नुसतं 'यूब्लॉक' वेगळं, 'यूब्लॉक ओरिजिन' वेगळं. ओरिजिन रेमंड हिल यांचं, ते देणगीसुद्धा घेत नाहीत. हे एवढ्यासाठी सांगतोय की ब्लॉकरला सगळ्या साइटींवरचं वाचायची परवानगी आपण देतो, बँकेचं पानसुद्धा त्यात आलंच. 2020 मध्ये नॅनो अ‍ॅडब्लॉकर नावाचं चांगलं चाललेलं एक्स्टेन्शन दुसऱ्यांना विकलं गेलं आणि नव्या मालकांनी त्यात लोकांची माहिती चोरणारा कोड घातला. वापरणाऱ्यांना वाटत होतं आपलं जुनंच आहे. तुझं ते पाचवं, ज्याचं नाव तू लिहिलेलंही नाहीस, ते आजच काढ.

प्रश्न: गुहागरला असतो, निवृत्त शिक्षक. नोस्क्रिप्ट टाकलं, आता गणपतीसाठी मुलाची रेल्वेची तिकिटं काढताना पैसे भरायच्या पानावर सगळं ठप्प. काय करू?

सर, ते तसंच वागणार. नोस्क्रिप्ट 2005 पासून आहे आणि भक्कम आहे, पण त्याचा कारभार असा की तुम्ही परवानगी देईपर्यंत स्क्रिप्ट (पानातला जावास्क्रिप्ट कोड) चालवायचीच नाही. पैसे भरताना पान बँकेकडे जातं, ओटीपी दुसरीकडून येतो, प्रत्येक ठिकाणची स्क्रिप्ट वेगळी, आणि गणपतीची तिकिटं काय, तुम्ही एकेकाला परवानगी देईपर्यंत वेटिंग लिस्ट लागलेली असते. तिकिटासाठी दुसरा ब्राउझर ठेवा, एकही एक्स्टेन्शन नसलेला. रोजच्या वाचनाला यूब्लॉक ओरिजिन पुरे, एखादी साइट फारच त्रास देत असेल तर त्याच्या चौकटीत कोडसारखं चिन्ह आहे, ते दाबलं की तेवढ्या साइटची जावास्क्रिप्ट बंद.

प्रश्न: दापोलीहून. ब्लॉकर असूनही फोनवर 'तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस' असं सारखं येतं.

ती जाहिरात नाही, नोटिफिकेशन आहे. कधीतरी कुठल्या तरी साइटने विचारलं आणि घाईत 'अलाउ' दाबलं गेलं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी नावं दिसतील ती ब्लॉक करा. व्हायरस काढणारं अ‍ॅप मात्र त्या मेसेजवरून अजिबात उतरवू नका.

प्रश्न: आमचं चिपळूणचं छोटं न्यूज पोर्टल आहे, जाहिरातींवरच चालतं. तुम्ही सगळ्यांना ब्लॉकर सांगता, आम्ही काय करायचं?

रास्त आहे तुमचं म्हणणं. पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं हे गावाला तुमच्यासारखेच सांगतात. वाचकांनो, अशा साइटवर गेलात की यूब्लॉकचं मोठं पॉवरचं बटण एकदा दाबून पान रिफ्रेश करा, तेवढ्या साइटपुरता तो बंद होतो आणि ते लक्षातही ठेवतो. आणि पोर्टलवाल्यांनो, बातमीवर अख्खी स्क्रीन झाकणारी ती पॉप-अप तेवढी काढा, मग लोक बटण दाबतील.