सायटेशनमध्ये नसलेली नावं

प्रिय मित्रा,

फौजेतली नोकरी पुरी करून घरी आलास आणि आता मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास लिहायचा म्हणतोस, फार चांगलं. फक्त अडीचशे वर्षं एकदम अंगावर घेऊ नकोस. एक दिवस घे : 10 जुलै 1944, इटलीतलं वरचं टायबर खोरं, 3/5 मराठा म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण.

नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा अधिकृत मजकूर, तुला पाठ असेल. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, ते एकटे धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून लढले. तोच कागद पुन्हा वाच. त्यांच्या सेक्शनमधल्या बाकी पडलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाही. तुझं काम तिथून सुरू होतं.

युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि नावं जपणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी आधी बघ. रेजिमेंटचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखं ‘Maratha’ नाही, ‘Mahratta’ आहे, ते विसरलास तर नोंदी निसटतात. शोध 10 तारखेवर थांबवू नकोस, महिनाअखेरपर्यंत ने. जखमी जवान इस्पितळात नंतरही दगावतात. एकच ‘जाधव’ कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो, म्हणून वहीत आधी सर्व्हिस नंबर, मग नाव. बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव मिळतं. ‘कोलाबा’ म्हणजे आजचा रायगड. आणि ‘रत्नागिरी’ लिहिलेलं गाव 1981 नंतर सिंधुदुर्गात गेलेलं असू शकतं.

मात्र त्या दिवशी पडलेला प्रत्येक जण त्याच सेक्शनमधला नव्हे. दुसरा कागद मिळेपर्यंत ‘त्या दिवशी धारातीर्थी पडले’ एवढंच लिही.

मग वॉर डायरी, म्हणजे पलटणीची युद्धकाळातली रोजची नोंदवही. सी-2118 या फॉर्मवर ठिकाण, तारीख, वेळ, घटना, शेरा असे रकाने असतात. अधिकारी नावाने येतात, जवान बहुधा नुसत्या आकड्याने. लढाईच्या धामधुमीतल्या नोंदी पुष्कळदा नंतर लिहिलेल्या असतात, त्यामुळे वेळा सरकतात. शेजारच्या पलटणीची आणि ब्रिगेडची डायरी समोर ठेवूनच वेळ पक्की कर. इथे तुझी नोकरी कामाला येते. त्या काळचा नकाशा पसर, काँटूर म्हणजे उंचीच्या रेषा वाच, कुठून कुठे फायर पोहोचत होता आणि डेड ग्राउंड, म्हणजे फायर न पोहोचणारी आडोशाची जमीन, कुठे होतं ते काढ. ग्रंथालयात वाढलेल्या अभ्यासकाला हे सहजी जमत नाही.

तुझा खरा धोका म्हणजे पलटणीच्या इज्जतीसाठी अपयश झाकण्याचा मोह. सायटेशन पदकाची शिफारस म्हणून लिहिलेलं असतं, ते अख्ख्या लढाईचं वर्णन नव्हे. हल्ला फसला असेल तर फसला असं लिही, तारखेसकट. स्वतःच्या नोकरीतल्या गोष्टींना 1923 चा गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू आहे, तिथे हात आखडता ठेव.

शेवटी गावी जा. घरच्यांकडच्या पेन्शनच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घे, अस्सल त्याच बैठकीत त्यांच्या हातात परत दे. आणि नावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून ऐकून, त्यांच्यासमोर देवनागरीत लिहून घे.

तुझा,
एक जुना वाचक