नव्वदच्या खाली लघुग्रह बंद?

ताई, तुमची मुलगी बारावीला आहे, पुढे लेझर अल्टिमीटरने, म्हणजे यानातून लेझर सोडून उंची मोजणाऱ्या यंत्राने, लघुग्रहांचा अभ्यास करायचा म्हणते, आणि सराव परीक्षेत भौतिकशास्त्रात तिला 74 पडलेत. त्या 74 ची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या दोन वाक्यांची. ‘नव्वदच्या खाली आलीस तर लघुग्रहांचं नाव काढायचं नाही, असं तिला बजावलंय.’ आणि शेवटी, ‘मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका.’

अशी अट घातली की मूल हमखास येणारीच गणितं घोटत बसतं, अडलेल्या गणिताकडे फिरकत नाही. संशोधनात सगळीच अडलेली असतात. चुकायला घाबरणारी मुलगी नव्वद मिळवूनही तिथे टिकणार नाही. अट आजच मागे घ्या, आणि घेताना ‘तुझ्याच भल्यासाठी म्हटलं होतं’ हे शेपूट जोडू नका.

आता तुमचा प्रश्न: ‘लेझर सोडला की उंची आपोआप कळते, त्यात माणसाला काम काय?’ यंत्राला उंची कळतच नाही हो. त्याला कळतो वेळ, म्हणजे प्रकाशाचा स्पंद गेला कधी नि परतला कधी. त्यात एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 15 सेंटिमीटरची. खरा घोळ तर पुढेच आहे. त्या क्षणी यान नेमकं कुठे होतं, किती कललेलं होतं, खालचा लघुग्रह स्वतःभोवती किती फिरला होता? आणि उंची धरायची कशापासून? तिथे समुद्रसपाटी नाही. एरॉस हा लघुग्रह सुमारे 34 किलोमीटर लांब आणि जेमतेम 11 किलोमीटर रुंद, तोही वेडावाकडा. हे सगळं माणसं बसून सोडवतात. 2005 मध्ये जपानचं हायाबुसा यान इटोकावा या लघुग्रहाजवळ होतं तेव्हा लेझरने अंतर मोजत राहून, लघुग्रह यानाला किती जोराने ओढतो ते काढलं गेलं आणि त्यावरून वस्तुमान. छायाचित्रांवरून आकारमान आलं. घनता निघाली घनसेंटिमीटरला सुमारे 1.9 ग्रॅम. इटोकावा ज्या खडकाचा आहे, तसल्या अखंड खडकाच्या मानाने ही फारच कमी. म्हणजे आत 40 टक्क्यांच्या आसपास पोकळी, इटोकावा हा दगडांचा सैल ढिगाराच! बेन्नू या लघुग्रहावर तर नासाच्या ओसायरिस-रेक्स यानावरच्या कॅनडाच्या लेझर उपकरणाने 3 अब्जांहून जास्त मोजमापं घेतली. काम संपलं की वाढलं, तुम्हीच सांगा.

मार्ग नेहमीचाच: भौतिकशास्त्र, जिओमॅटिक्स (म्हणजे भूमापन नि नकाशांचं शास्त्र) किंवा एरोस्पेस, जोडीला प्रोग्रामिंग, पुढे पीएचडी. निव्वळ लघुग्रहांवर पोट भरणारे जगात मोजकेच, हे तिलाही स्पष्ट सांगा. मात्र हिमनद्या नि जंगलं लेझरने मोजणाऱ्यांनाही हेच गणित लागतं.

पण कोर्स ठरवायची घाई नको. निअर शूमेकर यानाने 2000-01 मध्ये घेतलेली एरॉसची लेझर मोजमापं नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर कुणालाही फुकट मिळतात. परीक्षा झाली की तिने ती उतरवून घ्यावीत आणि एका फेरीतल्या अंतरांचा आलेख काढावा. पहिले दोन दिवस फाइल वाचता येणार नाही, ती चिडेल. चिडू द्या. आठवड्यात कंटाळली तर पुढची काही वर्षं वाचली. तुम्ही मात्र तिच्या खुर्चीमागे उभ्या राहू नका.

आणि हे उत्तर तिला दाखवा. यापुढचं पत्र तिच्याच हातचं येऊ दे. गुणपत्रिका नको, आलेख जमला तर तो जोडायला सांगा.