कागदावर ठेकेदार, कामावर कामगार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बांधकाम क्षेत्रातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय एकच आहे. रोज हुकमाने काम करणाऱ्या माणसाला कागदोपत्री ‘स्वतंत्र ठेकेदार’ ठरवले जाते आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी, विमा व नुकसानभरपाई यांतून मालक मोकळा होऊ पाहतो. म्हणून ही चारही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी एका बांधकाम कंपनीच्या साइटवर फरशी बसवतो. एक साइट संपली की याच कंपनीच्या दुसऱ्या साइटवर जातो; असे सहा वर्षे चालू आहे. मध्यंतरी कंपनीने मुद्रांकावर करार करून घेतला. त्यात मी ‘स्वतंत्र लेबर कॉन्ट्रॅक्टर’ असल्याचे लिहिले आहे. तेव्हापासून पीएफ बंद झाला. पैसे चौरस फुटाच्या दराने मिळतात आणि त्यातून एक टक्का आयकर कापला जातो. धाकटा भाऊ आणि एक बिगारी माझ्या हाताखाली असतात. सही मीच केली असल्याने माझे हक्क गेले का? कराराची प्रत जोडली आहे.
— एक फरशी कारागीर, पुणे जिल्हा

उत्तर : सही केल्याने हक्क जात नाहीत. करारात माणसाला काय म्हटले आहे यापेक्षा काम प्रत्यक्षात कसे चालते, हे न्यायालये पाहतात. आणि तुमचा करारच तुमच्या बाजूने बोलतो. पहिल्या कलमात तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात. चौथ्या कलमात मात्र सकाळी साडेआठला साइटवर हजर राहण्याची सक्ती आहे, न सांगता गैरहजर राहिल्यास तीनशे रुपये दंड आहे, आणि लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे काम घेण्यास मनाई आहे. फरशी, सिमेंट आणि कटर मशीन कंपनीचे आहे. दर कंपनीने ठरवलेला आहे आणि तो वाढवून मागण्याची तरतूद करारात कोठेही नाही. खऱ्या ठेकेदाराला कोणी हजेरीचा दंड लावत नाही.

भाऊ आणि बिगारी हाताखाली असल्यामुळे आपण ठेकेदार ठरतो, अशी तुमची धारणा दिसते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नोव्हेंबर १९५६ मध्येच आला होता. धरांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीच्या मिठागरांत काम करणारे अगरिया हंगामी होते, त्यांना मजुरी वजनावर मिळे आणि मदतीला ते स्वतःची माणसे आणत. तरीही ते स्वतः राबत होते आणि मीठ तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती, म्हणून न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. उक्त्या दराचीही तीच गोष्ट आहे. नागपूरच्या विडी कारखान्यातील कामगारांना मोजणीवर मजुरी मिळत असे आणि ते आपल्या सोयीने येत-जात असत. १९६१ च्या निकालात त्यांनाही कामगार म्हटले गेले. पुढे १९७३ मध्ये शिंप्यांच्या एका प्रकरणात न्यायालयाने असे सांगितले की यंत्रे कोणाची आहेत आणि न पटलेले काम नाकारून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यालाही मोठे महत्त्व आहे. तुमच्या साइटवर इंजिनिअर पोकळ वाजणारी फरशी उखडून पुन्हा बसवायला लावतो, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. हा मुद्दा तक्रारीत अवश्य मांडा.

एक टक्का करकपातीने बिचकू नका. पैसे कोणत्या सदराखाली दाखवायचे हे देणाऱ्याने ठरवले, एवढेच त्यावरून कळते. नाते त्यावरून ठरत नाही. कंपनीचा हिशेब मात्र समजून घ्यावा. पंधरा हजार रुपये वेतनावर मालकाचा पीएफचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये होतो आणि कर्मचारी राज्य विम्याचा ३.२५ टक्के वाटा ४८७ रुपये ५० पैसे. म्हणजे एका कारागिरामागे दरमहा जवळपास २,३०० रुपये वाचतात. शंभर कारागीर असतील तर ही रक्कम सव्वादोन लाखांच्या पुढे जाते. यातला प्रत्येक रुपया तुमच्या म्हातारपणाच्या आणि आजारपणाच्या तरतुदीतून जातो, हे मला फार गंभीर वाटते.

तक्रार भविष्यनिर्वाह निधीच्या प्रादेशिक कार्यालयात करा. तेथील अधिकाऱ्याला चौकशी करून तुम्ही सभासदत्वास पात्र आहात की नाही हे ठरवण्याचा आणि कंपनीकडून दप्तर मागवण्याचा अधिकार आहे. मजुरी थकली असेल किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल, तर सहायक कामगार आयुक्तांकडे वेगळा अर्ज द्यावा. त्याआधी पुरावा गोळा करा : गेटपास, हेल्मेटवरचा क्रमांक, सुरक्षा प्रशिक्षणाच्या नोंदवहीतील तुमची सही, उद्या कोणत्या फ्लॅटमध्ये काम करायचे हे सांगणारे व्हॉट्सॲपवरचे निरोप, आणि करार होण्यापूर्वीच्या काळातील पीएफचे पासबुक. काम तेच, साइट तीच आणि साहेबही तोच असताना करारामुळे फक्त कागद बदलला, हे त्या जुन्या पासबुकाइतके स्पष्ट दुसरे काही दाखवणार नाही.

प्रश्न : मी साइटवर हिशेब सांभाळतो. काही गवंडी स्वतःहून म्हणतात, ‘पीएफ नको, सगळे पैसे हातात द्या.’ त्यांच्याकडून तसे लिहून घेऊन त्यांना ठेकेदार दाखवले तर चालेल का?
— एक लेखापाल, ठाणे

उत्तर : चालणार नाही. आस्थापनेला पीएफ लागू असेल आणि कामगाराचे वेतन पंधरा हजारांपर्यंत असेल, तर सभासदत्व मालकाच्या किंवा कामगाराच्या मर्जीवर नसते. असे संमतिपत्र तपासणीत उपयोगी तर पडत नाहीच, उलट हा माणूस कामगार आहे हे मालकाला माहीत होते, याचा पुरावा ठरते. हातात पडणारी रक्कम कमी होते ही गवंड्यांची अडचण खरी आहे. पण बऱ्याचदा पीएफ अडकतो, काढता येत नाही, या जुन्या अनुभवातून ती येते. प्रत्येकाचा यूएएन (पीएफचा कायमस्वरूपी खाते क्रमांक) आधार आणि बँक खात्याशी नीट जोडून द्या, म्हणजे निम्मा विरोध मावळेल.

प्रश्न : माझे पती प्लास्टरचे काम करतात. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून त्यांच्या पायाला आणि कमरेला जबर दुखापत झाली. उंचीवरचे काम पुन्हा जमणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. कंपनी सांगते की ते पेटी ठेकेदाराचे (कंपनीकडून कामाचा एक भाग घेणाऱ्या लहान ठेकेदाराचे) माणूस. पेटी ठेकेदार सांगतो की ते स्वतःच उक्ते काम घेत होते. आम्ही कोणाकडे जावे?
— एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवल्याने तुमचा हक्क मधल्यामध्ये बुडत नाही. स्वतःच्या व्यवसायाचा भाग असलेले काम एखाद्याने ठेकेदारामार्फत करून घेतले, तर ठेकेदाराच्या कामगाराला अपघाताची भरपाई देण्यास तो मुख्य मालकही बांधील असतो. हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. तो त्यांचा आपसातला व्यवहार आहे.

आधी एक गोष्ट तपासा. कर्मचारी राज्य विमा योजना त्या साइटला लागू असेल आणि पतीचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर अपंगत्वाचा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो आणि मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. मालकाने नाव नोंदवलेच नव्हते, असे उत्तर मिळाले तरी परत फिरू नका. तोच मजकूर लेखी तक्रारीत मांडा. योजना लागू नसेल तर भरपाईचा दावा दाखल करा. त्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, पण तेवढे थांबण्याचे कारण नाही.

भरपाई किती मिळेल हे अपंगत्वाच्या प्रमाणावर ठरते आणि येथे सहसा खळखळ होते. कंपनीचा वकील पायाच्या टक्केवारीवर बोट ठेवील. तुम्ही डिसेंबर १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंग देव प्रकरणातील निकाल पुढे ठेवायला आपल्या वकिलांना सांगा. त्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण धरले गेले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, असेही त्या निकालात म्हटले आहे. पूर्ण अपंगत्वात मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. एका महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज द्यावे लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

रुग्णालयातील पहिल्या नोंदीत ‘साइटवर काम करताना पडले’ असे लिहिले आहे की ‘घरी पडले’, हे आजच पाहा. चुकीचे लिहिले असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोलिसांकडे जबाब नोंदवा.

प्रश्न : मी लहान बांधकाम व्यावसायिक आहे. सेंटरिंग, प्लास्टर, प्लंबिंग ही कामे वेगवेगळ्या ठेकेदारांना देतो. कोणाचे हक्क बुडावेत अशी इच्छा नाही, पण नियमांची धास्ती वाटते. काळजी कोठे घ्यावी?
— एक बांधकाम व्यावसायिक, नाशिक

उत्तर : आपण हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारला, याचा मला आनंद वाटतो. ठेकेदार नेमणे बेकायदा नाही. ज्याची स्वतःची प्लेट, टेकू आणि माणसे आहेत, जो चार ठिकाणी कामे घेतो, दर स्वतः सांगतो आणि अंदाज चुकला तर तोटा सोसतो, तो खरा ठेकेदार होय. पण त्याच्या हाताखालचे बिगारी मात्र कोणाचे तरी कामगार असतातच. ठेकेदाराने त्यांची मजुरी बुडवली तर ती आपल्याला चुकवावी लागेल, हे गृहीत धरूनच व्यवहार करावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता अमलात आल्या असून कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. आपल्या कामगारांना ते द्याच, पण ठेकेदारांकडूनही त्यांच्या माणसांच्या नियुक्तिपत्रांच्या प्रती घ्या. त्यामुळे साइटवर उभा असलेला प्रत्येक माणूस कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरेल. ज्याच्या नावाने कोणीच पत्र द्यायला तयार नाही, तो बहुधा आपलाच कामगार असतो.

मुकादमाच्या डायरीवर विसंबू नका. ‘गणू अधिक ३, दीड हजेरी’ अशी नोंद असलेली डायरी मी पाहिली आहे. ते तिघे कोण, हे महिनाभराने मुकादमालाही सांगता आले नव्हते. हजेरी गेटवर, नावानिशी आपण ठेवावी आणि मजुरी प्रत्येकाच्या बँक खात्यात जमा व्हावी. ठेकेदाराला नवे काम देताना त्याने ते आणखी खाली कोणाला उक्ते दिले आहे काय, हे लेखी विचारावे. साखळीतील तिसऱ्या-चौथ्या कडीपाशीच माणसे कागदावरून नाहीशी होतात.

बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकर आपण भरत असाल. त्यातून चालणाऱ्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनांसाठी १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते देताना अनेक व्यावसायिक कचरतात, कारण त्यातून कामगार-मालक नाते मान्य होईल अशी त्यांना भीती वाटते. ज्याने काम केले आहे त्याला प्रमाणपत्र द्या. नाते खरे असेल तर ते दडवण्यात आपलाच धोका वाढतो.

राहता राहिला करारनामा. त्यात ठेकेदाराचे देयक मंजूर होण्यापूर्वी मागील महिन्याचे पीएफ व विम्याचे चलन, त्यातील कामगारांच्या नावांच्या यादीसह, सादर करण्याची अट घाला. गेटवरच्या हजेरीतील नावे आणि चलनातील नावे आपल्या लेखापालाने जुळवून पाहावीत आणि तफावत आढळल्यास तेवढी रक्कम रोखून ठेवावी. हे कलम पहिल्या देयकापासूनच पाळा. तिसऱ्या-चौथ्या देयकाला ते काढून दाखवले, तर तोपर्यंतची नावे भरून निघत नाहीत.