मी नक्की तुमचीच ना?

इतक्या लहान वयात मुलांना आनुवंशिकतेबद्दल सांगावं का, हा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. भीती वेगवेगळी असते. कुणाचं मूल दत्तक असतं, कुणाच्या घरात एखादा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो, कुणाच्या दोन मुलांत एक उजळ आणि एक सावळं असतं. मी सांगते, जरूर सांगा, आणि वेळेवर सांगा. तुम्ही गप्प बसलात म्हणून मुलांचं शिकणं थांबत नाही. ‘अगदी आत्यावर गेलीय’, ‘हा कुणावर गेला देव जाणे’, ‘बाप तसा बेटा’ ही वाक्यं त्यांच्या कानावर बोलायला लागण्याआधीपासून पडत असतात, आणि त्यातून ती आपापले नियम बनवतात. त्यातला एखादा नियम किती खोल जाऊ शकतो, हे मला एका सात वर्षांच्या मुलीकडून कळलं. तिची ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ती हकिकत इथे सांगते आहे.

तिचे आईवडील आले ते झोपेची तक्रार घेऊन. मुलगी रात्रीतून उठायची, आईजवळ येऊन पडायची, शाळेला जाताना रडायची. कपाटातले जुने फोटो पुन्हा पुन्हा काढून बघायची. शाळेत कुणी त्रास देत असेल असं त्यांना वाटलं. पण एके दिवशी तिने वडिलांना सरळच विचारलं, “तुम्ही मला कुठून आणलंत?”

झालं होतं असं, की शाळेतून एक तक्ता घरी भरायला आला होता. जीभ नळीसारखी वळवता येते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, गालावर खळी पडते का, असे प्रश्न आणि पुढे ‘आई’, ‘बाबा’, ‘मी’ असे तीन रकाने. मुलीला जीभ वळवता येत होती. आईला येत नव्हती, वडिलांनाही येत नव्हती. तक्त्याखाली लिहिलं होतं की जीभ वळवता येणं हा प्रभावी गुण आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी तो दिसतोच, आणि तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो. तिच्या मोठ्या चुलतभावाने तक्ता बघितला आणि नुकतंच शिकलेलं लावून सांगून टाकलं, “मग तू काका-काकूंची नाहीसच!” त्याने चेष्टा केली आणि तो विसरून गेला.

तिचा तर्क मात्र अगदी बिनचूक होता. तक्त्यातला नियम खरा मानला, तर दोघांनाही जीभ वळवता येत नसताना मुलीला ती वळवता यायला नको. म्हणजे निष्कर्ष तिने काढला तोच निघतो. पण मुळात नियमच खरा नाही. अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने १९४० मध्ये जीभ वळवण्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला, आणि तो गुण एका जनुकावर (आईबापांकडून मुलाकडे येणाऱ्या एका सूचनेवर) ठरतो ही समजूत तिथून पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढे १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांची पाहणी झाली. ज्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी, अशा काही जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. लहानपणी न जमणारी ही गोष्ट काही मुलांना पुढे जमू लागते, हेही दिसलं आहे. स्वतः स्टर्टेव्हंटनेही नंतर आपलं आधीचं म्हणणं सोडून दिलं. कानाच्या पाळीचंही तेच. ‘सुटी’ आणि ‘चिकटलेली’ यांच्यामध्ये सगळ्या पायऱ्या सापडतात आणि त्यामागे पुष्कळ जनुकं असतात. तरीही हे प्रश्न असलेले तक्ते अजून वर्गांत वाटले जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्याची किंमत एखादं मूल रात्र रात्र जागून मोजतं.

आईवडिलांनी त्यांच्या परीने सगळं केलं होतं. जन्माच्या वेळचे फोटो दाखवले, दवाखान्याचा कागद दाखवला, आईने पोटावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. मुलगी दोन दिवस शांत झाली आणि परत आरशासमोर उभी राहू लागली. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. पुराव्याने एका दिवसाची शंका फिटते, पण ‘मी यांच्यासारखी असेन तरच यांची’ हा नियम जागच्या जागी राहतो. मग उद्या नाक जुळलं नाही, परवा आवाज जुळला नाही, की पुन्हा नवा पुरावा लागणार. मला तो नियमच तिच्या डोक्यातून काढायचा होता.

पहिल्या भेटीत मी जिभेचा विषय काढलाच नाही. तिला विचारलं, “आई आणि बाबा एकमेकांसारखे दिसतात का?”

तिने मान हलवली. “आई उंच आहे. बाबांचे केस कुरळे आहेत.”

“मग ते दोघं एका घरचे नाहीत का?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आहेत की. पण ते मोठे आहेत.” आणि थोड्या वेळाने, आपणहून: “आजी आणि आईपण सारख्या नाहीत. ती बाबांची आई आहे ना.” इथे तिला मी काहीच समजावलं नाही. सारखं नसलेलं माणूसही आपलं असतं, हे तिच्याच घरात तिला सापडलं होतं. दत्तक मूल असलेल्या आईवडिलांनाही मी हाच प्रश्न मुलासमोर मांडायला सांगते. आणि त्यांना एक विनंती करते, की मुलाला बरं वाटावं म्हणून ‘तुझं नाक अगदी माझ्यासारखं आहे’ असं काही ओढूनताणून बोलू नका. त्यातून मूल हेच शिकतं, की साम्य असल्याशिवाय भागत नाही.

नंतर मी आनुवंशिकतेकडे वळले. दोन छोट्या कापडी पिशव्या घेतल्या. एक आईची, एक बाबांची. प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरं बटण. न बघता प्रत्येक पिशवीतून एक बटण काढायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. दोन्हीत एक जरी लाल असलं तरी बाळ ‘लाल’, दोन्ही पांढरी आली तरच बाळ ‘पांढरं’. आई आणि बाबांकडे प्रत्येकी एक लाल आहेच, म्हणून ते दोघंही ‘लाल’. तिने रंगीत खडूने कागदावर गोल काढत नोंद ठेवायला सुरुवात केली. लाल, लाल, परत लाल. मग दोन्ही हातांत पांढरी बटणं आली आणि ती थबकली.

“आई लाल, बाबापण लाल. मग हे कुठून आलं?”

“पिशवीत बघ.”

तिने दोन्ही पिशव्या उलट्या केल्या. “लपलं होतं,” ती म्हणाली.

एवढंच तिला समजायला हवं होतं. आईबाबांकडे असलेली, पण त्यांच्यात न दिसणारी गोष्ट मुलात दिसू शकते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवर हेच पाहिलं होतं. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. पुढच्या पिढीत मात्र ५,४७४ गोल दाण्यांबरोबर १,८५० सुरकुतलेले दाणे परत आले. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापून आला आणि १९०० पर्यंत त्याकडे जवळजवळ कुणी लक्ष दिलं नाही. सात वर्षांच्या मुलीला मेंडेल सांगायची गरज नव्हती, पण तिच्या वडिलांना तो आवडला. घरी जाऊन त्यांनी शंभर वेळा बटणं काढून बघितली म्हणे.

या खेळात मुलगी एका जागी अडली, आणि तिथेच मला तिच्या मनातलं आणखी काहीतरी दिसलं. काढलेलं बटण प्रत्येक वेळी परत पिशवीत टाकायचं असतं. ते टाकताना तिने विचारलं, “आईचं मी घेतलं की आईकडे कमी होतं ना?” मी सांगितलं, “आई स्वतःचं काढून देत नाही. तिच्याकडे जे असतं त्याची नक्कल देते. म्हणून तुला दिल्यावरही तिच्याकडे सगळं तसंच राहतं.” तिने आईकडे वळून पाहिलं. खरोखर होतंही असंच. आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, असतात, २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून आलेली. आईची स्वतःची ४६ तिच्याजवळच असतात. मुलं ‘आईकडून येतं’ याचा अर्थ ‘आईचं जातं’ असा घेऊ शकतात, आणि आई आजारी किंवा दमलेली असली की त्याचा दोष स्वतःकडे घेतात. म्हणून हे एक वाक्य कुठल्याही घरात सांगून ठेवण्यासारखं आहे.

जिभेबद्दल तिला खरं तेच सांगितलं: जिभेचं असं एका बटणाच्या जोडीवर ठरत नाही, तक्त्यात लिहिलेलं बरोबर नाही, आणि अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांतही एकाला जमतं, एकाला जमत नाही. जुळ्यांचं तिला फार नवल वाटलं. छापलेलं चुकीचं असू शकतं, याचं त्याहून जास्त.

बटणांच्या खेळाला मर्यादा आहे, ती पालकांनी लक्षात ठेवावी. उंची आणि त्वचेचा रंग यांसारख्या गोष्टींत पुष्कळ जनुकांचा हात असतो, आणि उंचीवर खाण्यापिण्याचा, आजारपणाचाही परिणाम होतो. सख्ख्या भावंडांत एक सावळं, एक उजळ असणं यात नवल काहीच नाही. एकटी आई तिच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतून जी निवड मुलाला देऊ शकते, तिचेच ८३ लाखांहून जास्त प्रकार होतात, वडिलांचे तितकेच वेगळे. मुलाला आकडे सांगू नका. ‘दोघांकडेही खूप पिशव्या आहेत, तुझ्यासाठी वेगळी बटणं निघाली, दादासाठी वेगळी’ एवढं पुरतं. मात्र रंगाबद्दल घरात कुणी टोमणा मारत असेल, तर त्या मोठ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवणं हे आईवडिलांचं काम आहे. विज्ञान कितीही नीट समजावलं तरी टोमणा त्याच्यावर मात करतो.

वडिलांचा आणखी एक प्रश्न होता. मुलगी हट्ट करायला लागली की आजी म्हणायची, “हिच्या बापाचाच स्वभाव.” हे चालेल का? माझं स्पष्ट मत आहे की स्वभावाच्या बाबतीत हे बोलणं टाळावं. स्वभावात आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, हे खरं आहे. पण मूल ते ‘मी अशीच आहे, माझ्या हातात काही नाही’ असं ऐकतं. त्यासाठी आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ केला: ‘जन्मतः आलेलं’, ‘शिकलेलं’ आणि ‘दोन्ही मिळून’ असे तीन ढीग. हा फरक सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलांच्या मनात पुसटच असतो. बोलायची भाषा जन्मतः येते असं तिला आधी वाटत होतं, मग तिने स्वतःच ती चिठ्ठी उचलून ‘शिकलेलं’मध्ये ठेवली. डोळ्यांचा रंग पहिल्या ढिगात गेला. ‘राग’ लिहिलेली चिठ्ठी हातात घेऊन ती म्हणाली, “येतो तो आपोआप, पण दार आपटायचं मी ठरवते.” ती चिठ्ठी तिसऱ्या ढिगात गेली. आजीला हा खेळ दाखवा, एवढंच मी वडिलांना सांगितलं.

आजाराचा प्रश्न आला तो शेवटच्या भेटींत. आजीला मधुमेह होता. “आजीचं बटण माझ्यात असलं तर मलापण इंजेक्शन घ्यावं लागणार?” असं विचारणाऱ्या मुलाला ‘छे, तुला काही होणार नाही’ असं वचन देऊ नये. ते आपल्या हातात नसतं आणि मुलांना पोकळ वचन ओळखू येतं. तिच्या आईने दिलेलं उत्तर मला फार चांगलं वाटलं: “घरात एखादा आजार असला म्हणजे तो प्रत्येकाला होतोच असं नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून आपण आधीपासून काळजी घेतो. आणि काही झालंच तर आम्ही तुझ्याबरोबर असू.” थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारासारख्या, एकाच जनुकामुळे होणाऱ्या आजाराची गोष्ट निराळी आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी दोघांकडेही ते सदोष जनुक लपलेलं असलं, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि आधीच्या बाळाचं काय झालं यावर पुढच्याचं काही ठरत नाही. अशा घरांनी मुलाशी बोलण्याआधी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाकडून स्वतः सगळं नीट समजून घ्यावं. आईवडिलांच्या मनात गोंधळ असला की मुलापर्यंत पहिला तोच पोचतो.

मुलगी हळूहळू झोपू लागली. मधूनमधून ती “मी नक्की तुमचीच ना?” असं विचारते, पण आता हसत विचारते, आणि आई काम बाजूला ठेवून “हो, आमचीच” म्हणते. हे असंच काही महिने चालेल, दर वेळी उत्तर द्या, कंटाळू नका, असं मी त्यांना सांगितलं.

आईवडिलांच्या परवानगीने मी तिच्या वर्गशिक्षिकेशीही बोलले. त्यांनी मनावर घेतलं. आता त्या ‘आई’ आणि ‘बाबा’ हे रकाने घरी पाठवत नाहीत, कारण वर्गात दत्तक मुलं असतात, एकाच पालकाजवळ राहणारी असतात, आईवडील नसलेलीही असतात. मुलं वर्गातल्या वर्गात एकमेकांच्या हाताची वीत मोजतात, बोटांचे ठसे उमटवून बघतात, कुणाचे दोन ठसे सारखे आहेत का ते शोधतात. सारखेपणा आईबापांकडून कसा येतो, हे त्या मांजरांच्या आणि सशांच्या पिल्लांच्या चित्रांवरून शिकवतात. घरी पाठवायच्या कागदावर त्यांनी एकच प्रश्न ठेवला आहे: तुमच्या घरातल्या माणसांकडून तुम्ही काय काय शिकलात? तो रकाना वर्गातल्या प्रत्येक मुलाला भरता येतो.