समुद्रपूर तालुक्यात शेत घेताना वकील पुण्याचा करावा की इकडचा?

आपण पुण्यात नोकरी करता, वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात साडेतीन एकर कोरडवाहू शेत घेण्याचे ठरत आले आहे, आणि कागदपत्रे तपासण्याचे काम पुण्यातील ओळखीच्या वकिलांना द्यावे की इकडचा वकील करावा, असे आपण विचारले आहे. येथील दस्तलेखकाने ‘खरेदीखताला वकील कशाला लागतो’ असे सांगितल्याचाही आपण उल्लेख केला आहे. मी वर्धा जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर स्वतः थोडे शेत घेतले. सातबारे आणि फेरफार वाचण्यातच नोकरी गेलेली असूनही त्या खरेदीसाठी मी वकील केला होता. त्यामुळे माझे उत्तर असे, की वकील करावा, इकडचाच करावा, आणि इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी करावा.

दस्तलेखक खोटे बोललेला नाही. खरेदीखत नोंदवण्यासाठी वकील असलाच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. परंतु दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का, लिहून देणारा हजर आहे का, त्याची ओळख पटते का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. विकणाऱ्याला ते वावर विकण्याचा हक्क आहे की नाही, हे तपासणे त्या कार्यालयाचे काम नाही. सातबाऱ्याचेही तसेच आहे. महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. मालकी ठरवते ते दिवाणी न्यायालय. सातबारा कोरा दिसला म्हणून निर्धास्त होणारे खरेदीदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत.

आता इकडचाच वकील का, ते सांगतो. पुण्याचे वकील कमी हुशार असतात असे मुळीच नाही, पण विदर्भातील जमिनीचा कायदा आणि कागद दोन्ही वेगळे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा चालतो. आपल्याकडे विदर्भ प्रदेशासाठीचा १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा आहे. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावरची बंदी तिकडे कलम ६३ मध्ये आहे, इकडे ती कलम ८९ मध्ये आहे. कुळाने कायद्याने मिळवलेली जमीन पुढे विकण्यावरचे निर्बंध तिकडचे वकील कलम ४३ म्हणून ओळखतात, इकडे त्याच अर्थाचा शेरा कलम ५७ चा असतो, आणि तो फेरफाराच्या एखाद्या जुन्या, किरट्या ओळीत असला तर ज्याची नजर ४३ हा आकडा शोधते आहे त्याच्या नजरेतून सुटू शकतो. आपल्या नावे किंवा वडिलांच्या नावे राज्यात कुठे शेती आहे का, हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही. नसल्यास सर्वांत आधी तोच विषय वकिलांपुढे ठेवावा, कारण तेथेच अडले तर पुढच्या तपासणीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

कागदांचे तर याहून अवघड आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) हा भाग मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरणाऱ्या मालगुजारांचा होता आणि मालगुजाऱ्या १९५१ मध्ये संपल्या. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. त्यामुळे येथील जमिनीचा माग काढताना बंदोबस्त मिसल (जुन्या जमाबंदीचे दप्तर), १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी (हक्कनोंदीचे पुस्तक), निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) अशी कागदपत्रे पाहावी लागतात. गावाने पूर्वापार वापरलेली वाट, पाण्याला जाण्याचा हक्क, गुरांचा मार्ग अशा गोष्टी सातबाऱ्यावर दिसत नाहीत, पण या कागदांत नोंदलेल्या असू शकतात आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही त्यांवरून तंटा उभा राहतो. शिवाय जिल्ह्यात पूर्वी वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी या तीनच तहसिली होत्या. समुद्रपूर नंतर वेगळे झाले, म्हणून आपल्या गटाचे जुने दस्त समुद्रपूरच्या नव्हे तर हिंगणघाटच्या पुस्तकांत शोधावे लागतील. संगणकावरचा शोध अलीकडच्या वर्षांपुरता बरा चालतो. त्यामागच्या काळासाठी कार्यालयात बसून हाताने लिहिलेल्या सूच्या उलटाव्या लागतात आणि ते काम पुण्यातून होणारे नाही.

इकडच्या वकिलाला आणखी काही शेरे पाहताक्षणी खटकतात. भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) हा त्यांपैकी सर्वांना माहीत असलेला. भूदानाची जमीन हा दुसरा. विनोबांचे पवनार आपल्याच जिल्ह्यात असल्याने आणि भूदान चळवळीचा येथे जोर असल्याने अशा जमिनी आपल्याकडे आहेत, त्यांना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू होतो आणि त्या सामान्य जमिनीसारख्या विकता येत नाहीत. तिसरा शेरा झुडपी जंगलाचा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल ही वनजमीनच समजावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे आणि त्या सहांत वर्धा येतो. एखाद्या गटाचा तुकडा जुन्या नोंदीत झुडपी म्हणून लागलेला असेल, तर आज त्यावर कपाशी उभी आहे एवढ्याने भागत नाही. विक्रेत्यांच्या साखळीत मागे कोठे आदिवासी खातेदार होता का, हेही पाहावेच लागते, कारण महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार परवानगीशिवाय झालेले हस्तांतरण पुढच्या प्रामाणिक खरेदीदारालाही भोवू शकते.

विदर्भात आणखी एक प्रकार आहे, ज्याबद्दल लोक उघड बोलत नाहीत. अडचणीतील कास्तकार सावकाराकडून पैसे घेतो आणि तारण म्हणून खरेदीखतच लिहून देतो. कागदावर विक्री, मनात गहाण. सावकारी नियमनाच्या २०१४ च्या कायद्यात कलम १८ प्रमाणे अवैध सावकारीतून घेतलेली मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतात. आपल्याला विकणाऱ्याने ते शेत थोड्या वर्षांपूर्वी बाजारभावाहून फार कमी किमतीत घेतले असेल, आणि जमीन मात्र जुनाच मालक कसत असेल, तर सावध व्हावे. ही माहिती कोणत्याही पोर्टलवर मिळत नाही. ती त्या तालुक्यात वीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला माहीत असते, किंवा पोलीस पाटलांशी आणि शेजारच्या धुरेकऱ्यांशी (बांधाला लागून शेत असलेल्यांशी) दहा मिनिटे बोलून तो ती मिळवतो.

माझ्या स्वतःच्या खरेदीत वकिलाचा उपयोग नेमका येथेच झाला. सातबारा, फेरफार, बँकेचा नाहरकत दाखला असे सर्व मी आधीच तपासले होते आणि त्यांत काही उणे नव्हते. वकील साहेबांनी विक्रेत्याचे नाव ऐकताच त्याच्या चुलतभावाने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला असल्याचे सांगितले, कारण त्या दाव्याच्या तारखा त्यांनी न्यायालयात ऐकल्या होत्या. दाव्यातील नावाचे लेखन सातबाऱ्यावरील लेखनापेक्षा वेगळे होते, म्हणून संगणकावर पक्षकाराचे नाव टाकून शोधले असता तो सापडत नव्हता. दाव्यात तडजोड होईपर्यंत व्यवहार थांबवला आणि खरेदीखतावर त्या चुलतभावाचीही संमतीची सही घेतली.

बहिणींचा हिस्सा हा असाच विषय आहे. वारस फेरफारात मुलींची नावे गाळण्याची जुनी सवय आपल्याकडे अजून पूर्ण गेलेली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मतःच आहे हे स्पष्ट झाले आहे, म्हणून ‘बहिणी काही मागत नाहीत’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावे किंवा त्या खरेदीखतात लिहून देणार म्हणून याव्यात. सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे दिसली, तर पहिली एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची आणि दुसरी अज्ञानाच्या पालनकर्त्याची खूण आहे. अज्ञान वारस असल्यास जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते की नाही, हे वकिलांकडून लेखी घ्यावे.

आता इकडच्या वकिलाचा धोका. तालुक्याच्या ठिकाणी वकील मोजके असतात आणि सर्वांचा सर्वांशी संबंध असतो. दलालाने सुचवलेला वकील घेऊ नये. त्याला पुढचे काम दलालच देणार असतो. विक्रेत्याचे वकीलपत्र कधी घेतले होते का, हे पहिल्याच भेटीत सरळ विचारावे, आणि ‘दोघांचेही मीच पाहतो, खर्च वाचेल’ असे उत्तर आले तर चहा घेऊन उठावे. माझ्या मते समुद्रपूरच्या व्यवहारासाठी हिंगणघाट किंवा वर्धा येथील असा वकील बरा, जो दिवाणी न्यायालयात आणि तहसीलदार, उपविभागीय अधिकारी यांच्यापुढेही काम करतो. एवढ्या अंतराने गावकी थोडी दूर राहते, पण माहिती दूर राहत नाही. पुण्याच्या वकिलांना शेवटचा मसुदा वाचायला अवश्य द्यावा, अटींची भाषा ते बारकाईने पाहतील.

वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि त्यासोबत शोध शुल्काची पावती मागावी. पुष्कळ अहवाल पूर्वीच्या एखाद्या अहवालात नावे बदलून तयार झालेले असतात. कोणत्या कार्यालयातील कोणत्या वर्षांच्या सूच्या पाहिल्या, कोणती वर्षे फाटलेली किंवा अनुपलब्ध होती, हे अहवालात लिहिलेले असले तर तो माणूस प्रत्यक्ष बसला होता असे समजावे. वृत्तपत्रातील जाहीर नोटीस वकिलांच्या नावे द्यावी. हरकत आली नाही म्हणून मालकी सिद्ध होत नाही, पण आपण सावधगिरी घेतली होती हे पुढे दाखवता येते.

सेवा सहकारी सोसायटीचे कर्ज वेगळे विचारावे. बोजा सातबाऱ्यावर चढायचा राहून गेलेला असू शकतो.

इसाराबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच लोक घाई करतात. बोलणी झाली की त्याच बैठकीत नोटांचे पुडके द्यायचे आणि साध्या कागदावर सही घ्यायची, ही आपल्याकडची रीत आहे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि इसारपावतीने जमिनीत कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्रावर झालेल्या तथाकथित विक्रीने मालकी जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. म्हणून इसाराचा मसुदा वकिलांकडून करून घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात. शोधात दोष निघाल्यास इसार किती दिवसांत परत मिळणार ते लिहावे. सरकारी मोजणी विक्रेत्याच्या हजेरीत होऊन क्षेत्र कमी भरल्यास किंमत त्या प्रमाणात उतरेल असे लिहावे. आणि शेतात जाण्याची वाट कोणत्या गटातून, कोणत्या धुऱ्याने (बांधाने) आहे, ती चतुःसीमेसह लिहावी. पांदण रस्ता नकाशावर आहे आणि जागेवर मात्र कोणीतरी नांगरून टाकला आहे, अशी शेते येथे कमी नाहीत. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे वाट मागता येते, परंतु पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे डोक्यावर घेऊन धुऱ्यावर उभे राहावे लागते, तेव्हा त्या कलमाचा उपयोग लगेच होत नाही.

फीबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. किमतीच्या टक्क्यात फी ठरवू नये. ती व्यवहार पूर्ण होण्यात वकिलांचे हित गुंतवते, आणि आपल्याला तर ‘हे शेत घेऊ नका’ असे सांगू शकणारा माणूस हवा आहे. व्यवहार झाला काय आणि न झाला काय, शोध व अहवालाची फी ठरलेली असावी. वकिलांच्या चुकीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल आहे. दिवाणी दावा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार हे मार्ग उरतात आणि दोन्ही लांबचे आहेत. म्हणून तोंडी मतावर न थांबता सहीचा अहवाल घ्यावा.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे समजून पुण्याला परतू नये. पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या काळात कोणी नातलग हरकत घेऊन उभा राहिला तर मंडळ अधिकाऱ्यांपुढे उत्तर देण्यासाठी जवळ राहणारा वकील लागतो. म्हणूनच ठरलेल्या फीचा शेवटचा भाग आपल्या नावाचा सातबारा हाती येईपर्यंत राखून ठेवावा, आणि हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे. आधी सांगितलेले असले की कोणताही चांगला वकील त्याचे वाईट मानत नाही.